दिवे लागण्याआधी

यमूनं माझा पदर धरून मला खाली बसवलं, सगळ्याचं मूळ तिथं आहे. सिकंदराबादचं थिएटर, दुपारचा तीनचा खेळ. पडद्यावर नायिका शिवणयंत्रावर वाकून बसली होती आणि दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. माणसाचं तोंड दिसत नव्हतं, नुसती सावली दिसत होती. तेवढं दिसलं आणि मी सवयीनं उठले. चपला पायात सरकवल्या, पदर डोक्यावरून घेतला, पानाचा डबा काखेत मारला. यमू ही माझ्या नणंदेची मुलगी, रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर क्वार्टरात राहते, मनाला येईल तेव्हा सिनेमा बघते आणि मनाला येईल तेव्हा हसते. ती म्हणाली, "मामी, कुठं निघालात? अजून संपायचाय की." मी म्हटलं, "संपलाच आता. ती परत जाते." "कोण?" "हीच. मशीन डोक्यावर घेऊन, पावसातून." मागून कुणीतरी म्हणालं, "बैठो अम्मा, दिखता नहीं." यमूनं पदर ओढला आणि मी बसले. आणि बसले म्हणून पाहिलं की ती परत जात नाही. पाऊससुद्धा पडत नाही. दारातली सावली तिनं सोडलेल्या नवऱ्याची निघते. त्याला ठाऊक नसतं की हे दुकान तिचं आहे, तो सदरा शिवायला आलेला असतो. ती त्याच्याकडं बघते, गळ्यातली टेप काढते, त्याचे खांदे मोजते, हात मोजते, मनगट मोजते. त्याला घाम फुटतो. ती म्हणते, "जुमेरात को ले जाना." आणि पुन्हा मशीनवर वाकते. चाक फिरायला लागतं, ते फिरता फिरता दिवे लागले.

दिवे लागले तेव्हा मी चोरी करताना सापडल्यासारखी बसून होते. पायाशी भुईमुगाची फोलपटं, पुढं दोन शिपाई टोप्या शोधत वाकलेले, एक बाई पोराच्या नाकाला पदर लावत होती. समोर ज्याच्यावर इतकं सगळं घडलं ते एक साधं मळकट कापड होतं, एका कोपऱ्याला ठिगळ लावलेलं. एवढी वर्षं सिनेमे बघून मी पडदा कधी उजेडात पाहिला नव्हता. "हा शेवट बदललाय," मी यमूला म्हटलं. "हे इंग्रजांचं गाव. इथं वेगळं दाखवत असतील." यमू खो-खो हसली. म्हणाली, "मामी, सिनेमा एकच असतो. तेच डबे इकडून तिकडं फिरतात. लढाईमुळं नवी फिल्म मिळंना, म्हणून जुने डबे पुन्हा काढलेत. तुम्ही पाच वर्षांखाली पाहिला तोच हा." मग तिनं हसू आवरलं, कारण माझं तोंड तिला दिसलं असावं. मी सिकंदराबादला सिनेमा बघायला आलेच नव्हते. मी तिला विचारायला आले होते की कुमुदला पुण्याला पाठवावं की नाही. कुमुद माझी मुलगी, थोरली, इंटर पास झालेली. पुण्याच्या कॉलेजात तिला जागा मिळालीय आणि वसतिगृहाच्या बाईंना उद्यापर्यंत कळवायचंय. तिच्या वडलांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "आईला विचार," म्हणाले. आमच्या घरात 'नाही' म्हणायचं काम बायकांकडं असतं. मी नाही म्हणणार होते. त्याचं कारण एका वाक्यात सांग म्हटलं असतं तर मी हेच सांगितलं असतं: घर सोडून गेलेली बाई शेवटी मशीन डोक्यावर घेऊन पावसातून परत येते, मग तिला दार उघडणाऱ्याच्या पाया पडावं लागतं, त्यापेक्षा जाऊच नये.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. हुसेनसागर तळ्याच्या बांधावर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि मला राग यायला सुरुवात झाली होती. माझा राग दुधासारखा आहे, आधी बराच वेळ काही दिसत नाही. आमच्या घरात परदा नव्हता असं सासूबाई आयुष्यभर सांगत आल्या. बायकांनी बाहेर कुणाला दिसायचं नाही, एवढंच होतं. सासरे दिवाणी दफ्तरात, त्यांचे वडील दफ्तरात, आमचे हेही मालगुजारीच्या दफ्तरात. नवाबांच्या ड्योढीवर, त्यांच्या वाड्यावर, जाऊन जाऊन त्यांची रीत आमच्या घरात शिरली आणि मग ती आमचीच झाली. शहरातल्या थिएटरात वर जनाना. मागच्या गल्लीतून जिना, जिन्याच्या तोंडाशी गोणपाटाचा पडदा, आत पुढं जाळीचा परदा. दिवे गेले की बूबम्मा नावाची आया दोरी ओढून जाळी बाजूला करायची, मध्यंतराला दिवे लागायच्या आत ओढून घ्यायची, पुन्हा अंधार झाला की पुन्हा उघडायची. बाकीच्या बायका खेळ संपेपर्यंत बसत. आमच्यासारख्या घरच्या बसत नसत. सिनेमा संपून दिवे लागायच्या आत, मोठ्या लोकांच्या मोटारींनी गल्ली भरायच्या आत, आमचा टांगा परदे बांधून मागच्या दाराला लागलेला असायचा आणि बूबम्मा जिन्यातून हाक द्यायची, "नरहरराव साब की सवारी." ह्यांचं नाव आलं की मी उठायची. सासूबाई असेपर्यंत सासूबाईंच्या मागून, नंतर एकटी, नंतर कुमुदला हाताशी धरून. जितकं घर मोठं तितका सिनेमा लहान. शेजारच्या वकिलांच्या घरच्या बायका तर मध्यंतरानंतर दोन गाणी झाली की उठत आणि उठताना आमच्याकडं असं बघत की आम्हीच बाजारबसव्या. त्यांच्याइतकं लवकर उठता येत नाही याची सासूबाईंना शेवटपर्यंत खंत होती.

मग टांगा. हे पुढं टांगेवाल्याजवळ बसायचे, आमच्याकडं पाठ करून, मध्ये परदा. गल्ली सुटून मोठा रस्ता लागला, सासूबाई असल्या तर पेंगायला लागल्या, की मी विचारायची, "पुढं काय झालं?" हे लगेच सांगत नसत. आधी पान लावायचे. परद्यातून अडकित्त्याचा आवाज यायचा. मग "हं," म्हणून सुरू करायचे. सावकाश, एकेक गोष्ट जागेवर ठेवत. ती कशी दाराशी आली, तो कसा उठला, कोण काय म्हणालं, म्हातारीनं दिवा कसा वर धरला. घरात दिवसभर ह्यांचा आवाज मला ऐकू यायचा तो दुसऱ्याशी बोललेला: वडलांशी, भावाशी, दफ्तरच्या शिपायाशी. सगळ्यांदेखत बायकोशी बोलायची रीत नव्हती आणि एकटं असायला घरात जागा नव्हती. मला उद्देशून सबंध बोलणं म्हणजे थिएटरपासून शालीबंड्याच्या आमच्या घरापर्यंतचं. खरं सांगायचं तर सिनेमापेक्षा मला तेच आवडायचं. जाळीच्या परद्यामागं बसून, शेजारच्या बेगमेच्या पानदानाचा खडखडाट ऐकत, पोरांची रडारड सोसत मी वाट बघायची ती टांग्याची. हे आज बसमध्ये कळलं आणि त्यानं राग कमी न होता वाढलाच.

सिनेमाबद्दल माझं मत आमच्या गल्लीत मानलं जातं, हे मी फुशारकीनं सांगत नाही. दुपारी गहू निवडायला बायका आमच्या अंगणात जमायच्या आणि कुणीतरी विचारायचंच, "द्वारकाबाई, कसा आहे हो?" मी तोंडदेखलं कधी बोलले नाही. मला सिनेमांची नावं लक्षात राहत नाहीत. पाट्या उर्दूत, त्या ह्यांनी वाचायच्या. मी आपली खुणेनं ओळखते. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला तो लसवाल्या देवाचा. तेव्हा सिनेमा मुका होता, एक माणूस काठी घेऊन पडद्याजवळ उभा राहायचा आणि अक्षरं ओरडून वाचायचा. राणीला राजा वनात सोडतो, पोर वाघाच्या तोंडी देतो, आणि देव कापसाच्या ढगावर बसून हे सगळं बघतो. देवाच्या दंडावर लस टोचल्याच्या खुणा होत्या, चांगल्या ठसठशीत. मी तेव्हाच म्हटलं होतं की ज्या देवाला स्वतःला देवी निघायची भीती आहे तो राणीला काय सोडवणार? सासूबाईंनी कानाला हात लावले. माझं मत आजही तेच आहे. बाई तीन रिळं टाहो फोडते आणि देव ढगावर मांडी बदलतो, हे मला पटलेलं नाही. ह्यांनी टांग्यात सांगितलं की शेवटी देव खाली उतरतो, पोर जिवंत करतो आणि राणी राजाच्या पायाची धूळ कपाळाला लावून महालात परत येते. मी परद्याआडून म्हटलं, "धूळ कशाला लावायची? सोडलं त्यानं होतं." हे म्हणाले, "पुराणातलं आहे, त्याला आपण काय करणार." पुराणाशी कोण भांडणार.

मग तलवारवाल्या राजकन्येचा. तो चांगला होता, मी उगाच नावं ठेवणार नाही. बापाचा किल्ला गेला म्हणून ती पुरुषाचा वेश घेते, मिशा लावते, घोडा फेकते. घोडा खरा होता, पाडला तेव्हा खरंच पडला. जनानातल्या बेगमा उभ्या राहून "मार, और मार मुए को" म्हणत होत्या आणि मीही म्हटलं, मनातल्या मनात. मिशा मात्र डाव्या बाजूनं सुटत होत्या आणि सेनापतीला काही समजत नव्हतं. अशा सेनापतीचा किल्ला जायलाच हवा. मी उठले तेव्हा ती तटावर एकटी उभी होती, खाली शत्रू. टांग्यात कळलं की तिच्या मिशा गळून पडल्या, शत्रूचा राजपुत्र ओळखून हसला, आणि तिनं तलवार त्याच्या पायाशी ठेवून बुरखा घेतला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गहू निवडताना मी बायकांना सांगितलं की पहिली सगळी रिळं बघा आणि मिशा सुटायला लागल्या की उठून या. मग खोकलेवालीचा: दोन बहिणी, थोरली डॉक्टरीण, धाकटी बॅरिस्टरची बायको. बॅरिस्टर झाडाला टेकल्याशिवाय गात नाही आणि धाकटी दुसऱ्या रिळात खोकते. सिनेमात बाई एकदा खोकली की ती मेली म्हणून समजा. आम्ही घरी बारा महिने खोकतो आणि आम्हाला कुणी काढासुद्धा विचारत नाही. ह्यांनी सांगितलेला शेवट असा की धाकटी मरते, थोरली दवाखान्याला कुलूप घालते, किल्ली विहिरीत टाकते आणि बहिणीची पोरं सांभाळायला त्या गाणाऱ्या माणसाशी लग्न करते. किल्ली विहिरीत टाकली याचा मला इतका संताप आला की मी ह्यांना विचारलं, "दवाखान्यात आजारी लोक असतील ना?" हे म्हणाले, "दुसरा डॉक्टर आला असंल." मी हा शेवट सांगितला तेव्हा गल्लीतल्या एका बाईला रडू आलं, तिला वाटलं फार त्यागाचं आहे. मी म्हटलं, त्याग नाही, हा निष्काळजीपणा आहे.

बस नामपल्लीला आली तोपर्यंत मी एकेक शेवट हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते. राणी परत आली. राजकन्या बुरख्यात परत आली. डॉक्टरीण घरात आली. शिवणवाली पावसातून आली. आणि मग तो कुत्र्याचा आठवला. त्यात बाईचं काही नव्हतं, एक कुत्रं होतं, आगगाडीत चुकून चढलेलं, आणि मुंबईला पोचून एका बँडवाल्याकडं राहिलेलं. फार गोड सिनेमा, माझ्या मते सगळ्यांत खरा, कारण कुत्र्याला कुणी गाणं दिलं नव्हतं. कुमुद तेव्हा लहान होती, तिनं टांग्यात रडून विचारलं, "अप्पा, मोत्याचं काय झालं?" आणि हे पान लावून म्हणाले, "मोत्या घरी परत आला. दाराशी येऊन बसला, पाय चाटले." कुत्रंसुद्धा. नामपल्ली स्टेशनाबाहेर हमालांची आरडाओरड चालली होती, वाडीकडं जाणारी गाडी सुटायच्या बेतात असावी. पुण्याला जायचं तर तीच. मी बसमधून तिच्याकडं बघत राहिले आणि मला समजेना की मी कुणावर इतकी चिडलेय. सिनेमे काढणाऱ्यांना मी वीस वर्षं शिव्या घातल्या. राणीच्या धुळीबद्दल, राजकन्येच्या बुरख्याबद्दल, विहिरीतल्या किल्लीबद्दल. त्यांनी तसं केलंच नसेल तर? पाहिलेल्यावर माझं मत होतं ते ठीक. न पाहिलेल्यावर मी इतक्या जोरानं मत दिलं होतं आणि सबंध गल्लीनं ते मानलं होतं. मला कुणी येड्यात काढलं होतं, आणि ते कुणी बाहेरच्यानं नव्हतं.

घरी आले तेव्हा शुक्रवार, जुम्म्याची सुट्टी असल्यामुळं दफ्तर बंद होतं आणि हे अंगणात बाजेवर बसले होते. शेरवानी खुंटीला, दस्ताराची पगडी कोनाड्यात, अंगात बनियन. आता घरात पूर्वीइतकी माणसं नाहीत. सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, टांगा विकला. तरी ह्यांची माझ्याशी बोलायची सवय वाढली नाही. पुढ्यात पानाचं तबक, हातात अडकित्ता. आत कुमुद भांडी लावत होती, मुद्दाम आवाज न करता. मी चपला काढल्या आणि उभ्यानंच म्हटलं, "यमूनं सिनेमा दाखवला."

"कोणता?"

"शिवणाच्या मशीनचा."

"जुना आहे की तो. आपण पाहिलाय."

"हौ, जुनाच. पण आज मी शेवटपर्यंत बसले."

अडकित्ता थांबला. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. हे म्हणाले, "दिवे लागले तरी? कोण-कोण होतं तिथं? कुणी बघितलं का?"

दूध उतू गेलं ते इथं. "बघितलं," मी म्हटलं. "दोन गोऱ्या शिपायांनी बघितलं आणि एका शेंबड्या पोरानं बघितलं. आणि मीही बघितलं. ती परत जात नाही. तो येतो तिच्याकडं. ती त्याचं माप घेते आणि गुरुवारी ये म्हणते."

ह्यांनी तबकातल्या सुपाऱ्या एका बाजूला केल्या. मग म्हणाले, "असंल."

"असंल म्हणजे? तुम्ही पाहिला होता ना?"

"मी कुठून बघणार?" ह्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, जणू हे मला ठाऊकच असायला हवं होतं. "मी गल्लीत असायचो. टांगेवाला इस्माईल टांग्यातच झोपायचा, त्याला उठवायचं, घोडं जुंपायचं, परदे बांधायचे, मोटारी यायच्या आत मागच्या दाराला आणायचं. बूबम्माला वर निरोप द्यायचा. तू उठायच्या कितीतरी आधी मी उठायचो."

खरंच हे ठाऊक असायला हवं होतं. टांगा आपोआप दाराशी लागत नाही. सवारी आली म्हणून हाक यायची तेव्हा सवारी कुणीतरी आणलेली असायची, आणि जिना उतरून मी खाली यायची तेव्हा हे घोड्याच्या तोंडाशी उभे असलेले मी शेकडो वेळा पाहिलेत, उन्हाळ्यात घामानं भिजलेले, थंडीत कान झाकून. मी ते पाहिलं आणि कधी जोडलं नाही. म्हणजे ह्यांनीही शेवट कधी बघितला नव्हता. एकाही सिनेमाचा. माझ्यापेक्षा कमीच पाहिलं होतं. मी निदान सावली दारात येईपर्यंत तरी बसायची. बाजेच्या कडेला मी टेकले. राग पायातून उतरून जाईल असं क्षणभर वाटलं. तो गेला नाही.

"मग ते सगळं?" मी म्हटलं. "राणी, तलवारवाली, किल्ली विहिरीत टाकली ते?"

"तू विचारायचीस."

"ठाऊक नाही म्हणायचं होतं."

"म्हणणार होतो एक-दोनदा." ह्यांनी अडकित्ता मिटला, उघडला, मिटला. "ठाऊक नाही म्हटलं असतं तर शालीबंड्यापर्यंत काय बोललो असतो? घरी तर काही बोलायला मिळायचं नाही. एकदा असंच सांगितलं, तू हसलीस परद्याआड. मला ऐकू आलं. मग पुढल्या वेळी पुन्हा सांगितलं."

हे ऐकून रडायला हवं होतं, असा हिशेब कुणीही करील. पडद्यावर असतं तर मीच म्हटलं असतं की आता ही विरघळणार, आणि तिथंच उठले असते. पण मला आठवला तो परवाचा दिवस. कुमुदनं पुण्याचं काढलं तेव्हा हे म्हणाले होते, "आईला विचार," आणि मग माझ्याकडं न बघता, "ती मशीनवाली आठवते ना?" आठवत होती. मी रात्रभर तिचाच विचार केला, पावसात भिजलेल्या त्या बाईचा, जी पावसात भिजली नव्हती. "परवा तुम्ही मला तिचा दाखला दिलात," मी म्हटलं. "स्वतः रचलेला. दफ्तरात असा दाखला चालतो का?"

"नाही चालत," हे म्हणाले. मग, "इतक्यांदा सांगितलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आठवायलाच लागलं होतं. तो पाऊस मला दिसतो."

"बरं," मी म्हटलं. "रचलंत. मी विचारत होते, तुम्ही सांगत होतात, बोलायला दुसरं नव्हतं, सगळं कबूल. पण तुम्हाला कोण अडवत होतं? ना सिनेमाची कंपनी, ना पुराण, ना सासूबाई. राणीनं राजाला वनात सोडलं असतं तरी चाललं असतं. डॉक्टरणीनं दुसरा दवाखाना काढला असता तरी मी ऐकलंच असतं. सगळं तुमच्या तोंडात होतं. मग दर वेळी ती घरीच का आली? प्रत्येक जण? कुत्रंसुद्धा?"

हे विचार करायला लागले. मला वाटलं होतं चिडतील किंवा उठून वर जातील. त्याऐवजी दफ्तरातला कागद दोन्ही बाजूंनी बघावा तसा त्यांनी तो प्रश्न खरंच बघितला. आत भांड्यांचा आवाज पूर्ण थांबला होता. "मला तेवढंच सुचायचं," हे म्हणाले. "टांगा घराकडं निघालेला असायचा. चारमिनार गेली, लाडबाजार गेला, घर जवळ यायला लागलं की वाटायचं आता संपवायला पायजे. मग ती पण घरी यायची. टांगा थांबायचा, गोष्ट थांबायची. दुसरीकडं कुठं नेणार तिला?"

इतकं खरं हे माझ्याशी आजवर बोलले नव्हते, आणि त्या खरेपणाचाच मला नव्यानं राग आला. "टांगा आपला होता," मी म्हटलं. "त्यात मी बसले होते. त्या बायका कुठं बसल्या होत्या? त्यांना कशाला आणलंत माझ्या घरी, एकेकीला?"

या वेळी ह्यांनी काही रचलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. कुमुद दारात येऊन उभी राहिली होती. पदराला हात पुसत होती. मागं स्वयंपाकघरातला उजेड असल्यानं तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसती सावली दिसत होती, आणि माझे पाय सवयीनं चपला शोधायला लागले. मी ते जागेवर ठेवले. "आई," ती म्हणाली, "मग उद्या काय कळवायचं?"

"येते म्हणून कळव," मी म्हटलं.

ती हलली नाही. बापाकडं बघत राहिली. ह्यांनी घसा साफ केला, सुपारीचा एक तुकडा उचलला, आणि मला तो आवाज ओळखता आला, वीस वर्षं परद्याआडून ऐकलेला. आता पान लावतील, "हं" म्हणतील आणि सुरू करतील: ती पुण्याला गेली, मग तिथं असं झालं, मग एक दिवस पावसात. "हं," हे म्हणालेच.

"नक्को," मी म्हटलं. "हिचं पुढं काय झालं ते तुम्ही सांगायचं नाही. आपण बसून बघू."

"शेवटपर्यंत?" ह्यांनी विचारलं.

"दिवे लागेपर्यंत," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातला अडकित्ता काढून घेऊन तबकात ठेवला.